शाप आणि ‘मी’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोककथांवर लिहितो म्हटल्यावर लोक भुतांबद्दल विचारतील असं वाटलं होतं. विचारतात शापांबद्दल. त्यातले निम्मे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: शाप देणारा, किंवा ज्याला शाप मिळाला तो, स्वतःला काय म्हणवतो? म्हणून दोन्ही विषय एकत्रच घेतले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एखादी गोष्ट आधी येऊन गेली असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाप, शिवी, तळतळाट, दृष्ट हे सगळं एकच का?

नाही. शाप बोलावा लागतो आणि तो पुढचं काहीतरी घडवू पाहतो: “होवो”, “होशील”. शिवी समोरचा आत्ता काय आहे ते सांगते. तळतळाट बोलावा लागत नाही, नुसता लागतो. दृष्टीला तर हेतूही लागत नाही, ती प्रेमानंही लागते, अगदी आईचीसुद्धा.

मराठीत मात्र या सीमा भलत्याच पुसट आहेत. “मुडदा बसवला तुझा” हा शाप आहे, पण क्रियापद भूतकाळी! काम झालंच असं धरून चालायचं. “मेल्या” हाही तसाच मुळातला शाप. वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला की आता लाडानंही म्हणतात.

२. शाप आणि शपथ हे शब्द एकमेकांचे नातलग आहेत का?

सख्खे. दोन्ही संस्कृतातल्या ‘शप्’ या धातूवरून आलेत. शपथ म्हणजे स्वतःवरच सोडलेला, अटीवरचा शाप: मी खोटं बोलत असेन तर माझं अमुक होवो. “आईशप्पथ” म्हणताना अट आपली आणि गहाण आई, एवढाच फरक. इंग्रजीतही शपथ घेणं आणि शिव्या देणं या दोन्हींना ‘स्वेअर’ हा एकच शब्द चालतो.

याचा फार जुना नमुना ऋग्वेदात आहे, सातव्या मंडलातलं १०४ वं सूक्त. परंपरेनं ते वसिष्ठांचं. त्यात ऋषी म्हणतो, “अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि”, मी यातुधान, म्हणजे चेटूक करणारा, असेन तर आजच मरेन. त्याच ऋचेच्या दुसऱ्या अर्ध्यात तो शाप उलटा फिरवतो: ज्यानं मला उगाच यातुधान म्हटलं त्यानं आपल्या दहा वीरांना मुकावं. अर्धी शपथ, अर्धा शाप. आणि भांडण कशावरून? मला काय म्हणायचं यावरून.

३. कथांमध्ये शाप देणारा आधी स्वतःबद्दल इतकं का सांगतो?

कारण शापाला तारण लागतं. गांधारी कृष्णाला शाप देते तेव्हा नुसतं “तुझ्या कुळाचा नाश होवो” म्हणत नाही. पतीची सेवा करून मी जे काही तप मिळवलं असेल त्याच्या बळावर तुला शाप देते, असं आधी सांगते. छत्तीस वर्षांनी यादव आपसात लढून मरतात.

दमयंतीचं आणखी नेमकं. अरण्यात अजगरापासून सोडवणारा पारधीच तिच्यावर हात टाकू पाहतो. ती म्हणते, नळाशिवाय दुसऱ्या कुणाचा विचार माझ्या मनातही आला नसेल तर हा इथेच पडो. तो पडतो. या वाक्यात पारध्याबद्दल जवळजवळ काहीच नाही, सगळं ‘मी’बद्दल आहे. माझं मत विचाराल तर शापाचा जोर भयंकर शब्दांत कधीच नसतो. बोलणारा कोण आहे, यात असतो. शिव्यांची लाखोली वाहणारी पात्रं कथेत बहुतेक विनोदी असतात, याचं कारण हेच.

४. “गरिबाचा तळतळाट लागेल” म्हणणारा स्वतःबद्दलच बोलत असतो. मग सरळ “माझा” का म्हणत नाही?

“माझा” म्हटलं की भांडण दोघांचं राहतं. “गरिबाचा” म्हटलं की मागे गर्दी उभी राहते. “विधवेचा”, “लेकुरवाळीचा”, “म्हाताऱ्याचा” हे सगळे शब्द त्या घडीला ‘मी’च्या जागी येतात. गांधारीकडे तप होतं, इथे तारण म्हणून सोसणं ठेवलंय (प्रश्न ३ पाहा). शिवाय एक सोय होते. मी शाप दिला असा आळ येत नाही. मी फक्त नियम सांगितला.

५. स्वतःबद्दल खोटं सांगितलं म्हणून शाप मिळाल्याची गोष्ट आहे का?

कर्णाची. ती सगळ्यांना माहीत असते, पण अर्धीच.

कर्ण परशुरामाकडे अस्त्रविद्या शिकायला गेला तो ब्राह्मण म्हणून, भृगुकुळातला भार्गव म्हणून. एक दिवस गुरू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला असताना एका किड्यानं मांडी पोखरली. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलला नाही. रक्त अंगाला लागलं तशी परशुरामाला जाग आली आणि त्यानं ओळखलं: ब्राह्मणाला ही वेदना सोसवणार नाही, तू कोण आहेस ते सांग. इथवर सगळे सांगतात.

शांतिपर्वात पुढे कर्णाचा बचाव आहे. तो म्हणतो, ब्राह्मण आणि क्षत्रिय यांच्या मधला मी सूत, लोक मला राधेय कर्ण म्हणतात. आणि विद्या देणारा गुरू हा पिताच, म्हणून तुमच्याजवळ मी माझं गोत्र भार्गव सांगितलं. बिनतोड युक्तिवाद आहे, वकिलानं करावा असा. परशुराम ऐकत नाही. ऐन वेळी ब्रह्मास्त्र तुला आठवणार नाही, हा शाप देतोच.

मला यात सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच. “मी राधेय” हे कर्णाचं तेव्हाचं खरं उत्तरसुद्धा खरं नव्हतं. तो कुंतीचा मुलगा आहे हे त्याला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. खोटी ओळख टाकून जी खरी म्हणून पुढे केली, तीही उसनीच निघाली.

याच्या शेजारी छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम ठेवून पाहा. गुरू गोत्र विचारतो. सत्यकाम सांगतो की मला माहीत नाही. आईला विचारलं, तिलाही माहीत नाही. ती म्हणाली तिचं नाव जबाला, माझं सत्यकाम, म्हणून मी सत्यकाम जाबाल. त्याला शाप नाही, प्रवेश मिळतो.

६. आणि खरं नाव सांगितलं म्हणून?

ग्रीकांचा ओडिसिअस. एकडोळ्या पॉलिफेमसच्या गुहेत तो आपलं नाव “कुणी नाही” असं सांगतो. त्यामुळे डोळा फोडल्यावर राक्षस “कुणी नाही मला मारतोय” असं ओरडतो आणि शेजारी झोपायला निघून जातात. इथे थांबला असता तर सुटला होता. पण जहाज जरा लांब गेल्यावर त्याला राहवत नाही. कुणी विचारलं तर सांग, ओरडून म्हणतो, लाएर्टिसचा मुलगा, इथाकात राहणारा ओडिसिअस यानं तुझा डोळा फोडला.

पॉलिफेमस हात वर करून आपल्या बापाला, समुद्रदेव पोसायडनला, नेमकं तेच सांगतो: लाएर्टिसचा मुलगा, इथाकात राहणारा ओडिसिअस घरी पोचू नये. नियतीत पोचणं असलंच तर उशिरा पोचो, सगळे सोबती गमावून, परक्या जहाजातून, आणि घरीही संकटच वाढून ठेवलेलं असो. शापाला पत्ता लागतो, आणि तो पत्ता यानं स्वतःच्या तोंडानं, गावासकट दिला.

७. शकुंतलेची चूक काय? दुर्वासानं धड नावसुद्धा सांगितलं नव्हतं ना?

बरोबर. कालिदासाच्या नाटकात दुर्वास दारात येऊन एवढंच म्हणतो: “अयमहं भोः”. हा मी आलोय! नाव नाही, गाव नाही. ज्याला नुसत्या ‘मी’वर ओळखलं जाण्याची सवय आहे त्याचं हे बोलणं. दार वाजवून “कोण?” विचारल्यावर “मी!” म्हणणारे आपल्या ओळखीतही असतात, फक्त त्यांना शाप देता येत नाही.

शकुंतला दुष्यंताच्या विचारात हरवलेली, तिला ऐकूच येत नाही. मग शापही त्याच मापाचा: ज्याच्या विचारात तू मला ओळखलं नाहीस तो तुला ओळखणार नाही. महाभारतातल्या मूळ शकुंतलेत हा शाप नाही. तिथे राजाला सगळं आठवत असतं आणि तो लोकांसमोर नाकारतो. शाप आणून कालिदासानं राजाला वाचवलं.

८. नकळत झालेल्या चुकीला शाप लागतो का?

लागतो. कथांमध्ये अजाणतेपणाची सूट फार थोडी मिळते. पंडू हरणाच्या जोडीला बाण मारतो आणि हरीण म्हणतं, मी किंदम ऋषी. पण मी ब्राह्मण आहे हे तुला ठाऊक नव्हतं, म्हणून ब्रह्महत्येचं पाप तुला लागणार नाही, असं तो स्वतःच सांगतो. पाप माफ, शाप कायम! पत्नीजवळ जाशील तेव्हा तूही असाच मरशील.

दशरथाचं तसंच. पाण्यात घागर बुडल्याचा आवाज ऐकून हत्ती समजून बाण सोडला आणि आंधळ्या आईबापांचा मुलगा मेला. बापाचा शाप आहे, जसा मी पुत्रशोकानं मरतोय तसाच तूही मरशील. ‘जसा मी तसा तू’ हा शापाचा सगळ्यात जुनाट आणि टिकाऊ साचा. त्यात शिक्षा नव्यानं शोधावी लागत नाही, आपलं दुःखच माप म्हणून पुढे करायचं.

९. दिलेला शाप मागे का घेता येत नाही?

कारण मागे घेतला तर देणारा खोटा ठरतो. परीक्षितानं ध्यानस्थ शमीक ऋषीच्या गळ्यात मेलेला साप अडकवला. मुलगा शृंगी चिडला आणि सात रात्रींच्या आत तक्षक राजाला चावेल असं बोलून बसला. बाप म्हणाला, हे काय केलंस? शृंगीचं उत्तर असं की मी थट्टेतही खोटं बोलत नाही, मग शाप खोटा कसा होईल? त्याला राजाच्या जिवापेक्षा स्वतःबद्दलचं हे वाक्य मोठं वाटतं.

म्हणून उःशाप लागतो. उःशाप शाप पुसत नाही, त्याला मुदत किंवा अट घालतो. शकुंतलेला खुणेच्या अंगठीची अट मिळाली. पेरोच्या १६९७ सालच्या फ्रेंच कथेतल्या झोपलेल्या राजकन्येचं हेच: म्हाताऱ्या परीनं मरण बोललेलं असतं, शेवटची परी ते रद्द करू शकत नाही, फक्त शंभर वर्षांची झोप करून देते. अहल्येला गौतमानं रामाच्या येण्याची मुदत दिली. जाता जाता सांगतो, वाल्मीकींच्या बालकांडात अहल्या शिळा होत नाही. ती राखेत पडून, वाऱ्यावर जगत, कुणाला न दिसता राहते. शिळा नंतरच्या कथांतली.

१०. शापाला उलट शाप देता येतो का?

येतो, पण दोघंही बुडतात. वसिष्ठ आणि निमी यांनी एकमेकांना शाप दिले आणि दोघांचेही देह गेले. निमी पुढे माणसांच्या पापण्यांत राहिला म्हणे, म्हणून ‘निमिष’.

उलट शाप न देणाऱ्याची गोष्ट मला जास्त आवडते. वसिष्ठांनी शाप दिल्यावर राजा सौदासानंही ओंजळीत पाणी घेतलं. राणी मदयंतीनं अडवलं, गुरूला शाप देऊ नका. आता ते भारलेलं पाणी टाकायचं कुठे? जमिनीवर टाकलं तर पीक जळेल, आभाळात उडवलं तर ढग. त्यानं ते स्वतःच्या पायांवर ओतलं. पाय काळेकबरे झाले आणि तेव्हापासून तो कल्माषपाद. न दिलेला शाप त्याचं नाव होऊन बसला.

११. शापानं साप झालेलं, झाड झालेलं पात्र स्वतःला काय म्हणतं?

जुनंच नाव. वनपर्वात भीमाला विळखा घालणारा अजगर युधिष्ठिराला सांगतो, मी नहुष, तुझा पूर्वज. अगस्त्याच्या शापानं देह गेला, पण ‘मी’ जागेवर आहे. स्मृतीही नेणारे शाप वेगळे. तिथे ओळख पटवणारी वस्तू किंवा माणूस बाहेरून यावा लागतो (प्रश्न ७, ९).

१२. देणाऱ्याचं नावच नाही असा शाप असतो का?

लिखित शापांत नेहमीचा. आपल्याकडे कोकणात आणि इतरत्र गधेगाळ नावाचे दगड सापडतात: वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि बाई. मुंबईत परळला सापडलेल्या शिलाहार अपरादित्याच्या ११८७ सालच्या लेखात संस्कृत मजकूर संपल्यावर शाप मात्र मराठीत येतो. जो कोणी हे शासन मोडील त्याच्यावर वैद्यनाथदेवाची भाल सकुटुंब पडो, आणि पुढे त्याच्या आईबद्दल गाढवाची शिवी. राजाचा ‘मी’ या ओळीत नाही. समोरचाही नुसता ‘जो कोणी’. आणि खिजवायला तिसरीच, त्याची आई! दानपत्र संस्कृतात चालतं, धमकी ज्याला द्यायची त्याला ती कळायला हवी, असं भाषा बदलण्याचं कारण मला वाटतं.

ग्रीक-रोमन लोक शिशाच्या पातळ पत्र्यावर शाप कोरून विहिरीत, थडग्यात टाकत. ग्रीक पत्र्यांवर लिहिणारा बहुधा आपलं नाव लपवतो. उलट इंग्लंडमधल्या बाथच्या झऱ्यात सापडलेल्या सुमारे १३० पत्र्यांत अनेकांनी स्वतःचं नाव ठळक दिलंय. कारण ती देवीकडे केलेली चोरीची फिर्याद आहे. डोसिलियानस नावाचा एक जण टोपीचा झगा चोरणाऱ्याबद्दल लिहितो: पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र. फिर्यादी नाव लपवून कसं चालेल?

आणि एक मधलं उदाहरण. स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या थडग्यावरच्या फरशीवर, माझी हाडं हलवील तो शापित होवो, असं कोरलंय. “माझी” आहे, पण त्या फरशीवर नाव नाही.

१३. आजी “मला मेलीला काय कळतंय” म्हणते. हा स्वतःलाच शाप झाला ना?

शब्दानं शाप, वापरानं सर्वनाम. “मला मेलीला कोण विचारतंय”, “मज पामराला”, “आम्हा करंट्यांना” ही स्वतःचा उल्लेख करण्याची पद्धत आहे. स्वतःला एक पायरी खाली उतरवायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला उतरवावं लागत नाही. आणि दृष्टही लागत नाही.

माझी आजी दिवसातून दहादा स्वतःला मेली म्हणायची. दूध उतू गेलं की “जळ्ळं मेलं माझं लक्षण” म्हणत फडक्यानं ओटा पुसायची. पण मी अभ्यासाला कंटाळून “मरतो आता” म्हटलं की ओलं फडकं हातात तसंच धरून वळायची: “असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.” मी एकदा विचारलं, मग तुला नाही का म्हणत तथास्तु? तिनं जरा विचार केला. म्हणाली, “मला ओळखते ती. चाळीस वर्षं ऐकतेय.”

भाषाशास्त्र यापेक्षा फार वेगळं सांगत नाही. ठरावीक जागी, ठरावीक माणसाच्या तोंडी येणारा शब्द ऐकणाऱ्यानं आधीच माफ केलेला असतो. नवख्यानं तोच उच्चारला की त्याचा मूळ अर्थ जागा होतो.

१४. दुसऱ्याचं शापवाक्य जसंच्या तसं सांगायची भीती वाटते. लोक काय करतात?

सर्वनाम बदलतात, किंवा मध्ये शत्रू आणून उभा करतात. लखनवी उर्दूत “आपली तब्येत बिघडलीय” म्हणणं अशुभ, म्हणून “आपल्या दुश्मनांची तब्येत बिघडलीय असं ऐकलं” म्हणायचं. हिब्रू बायबलमध्ये पहिल्या शमुवेलच्या पंचविसाव्या अध्यायात दावीद शपथ घेतो तेव्हा, अमुक केलं नाही तर देव माझं वाटोळं करो असं म्हणण्याऐवजी “दावीदाच्या शत्रूंचं करो” असा शब्द येतो. लिहिणाऱ्याचा हात ‘माझं’ लिहायला धजावला नाही, असं अभ्यासक मानतात.

१५. दगडू, धोंडू, भिकू ही नावं याच भीतीतून आली का?

हो. आधीची मुलं दगावलेली असली की पुढच्याला टाकाऊ नाव, म्हणजे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये. चीनमध्येही याच हेतूनं “कुत्र्यानं सोडलेला” अशा अर्थाचं नाव देत. ‘मेली’ म्हणजे हेच, फक्त मोठ्या वयात स्वतःच लावून घेतलेलं (प्रश्न १३).

१६. “आम्ही” आणि “आपण” यांनी शापात फरक पडतो का?

पडतो. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. “आम्हाला छळलंस, तुझं वाटोळं होईल” हा शाप. “आपलं वाटोळं होईल” हा सल्ला.

१७. इजिप्तच्या तुतनखामन राजाच्या थडग्यातला शाप खरा होता?

त्या थडग्यात शापाचा असा लेख सापडलेला नाही. १९२२ मध्ये थडगं सापडलं, ५ एप्रिल १९२३ ला त्या उत्खननाचा खर्च करणारा लॉर्ड कार्नारव्हन डास चावलेल्या जागी झालेल्या संसर्गातून गेला आणि वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. खुद्द शोध लावणारा हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला.

१८. रागात मी एकाला वाईट बोललो आणि त्याचं खरंच वाईट झालं. माझा शाप लागला का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक रात्री उशिरा. नाही, लागला नाही. बोलण्यानं कुणाला अपघात होत नाही. रागात बोललेली शेकडो वाक्यं हवेत विरतात. त्यातलं एक जुळलं की तेवढंच लक्षात राहतं. “उतारा” म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला देऊ नका.

कथेतलंच उदाहरण हवं असेल तर शमीकाचं घ्या (प्रश्न ९). मुलाचा शाप त्याला मागे घेता येत नव्हता. तो हळहळत बसला नाही, गौरमुख नावाच्या शिष्याला त्यानं लगोलग राजाकडे धाडलं: माझ्या मुलाकडून असं बोललं गेलंय, जपून राहा. तुमचा माणूस दवाखान्यात असेल तर भेटून या. लांब असेल तर फोन करा. “मी बोलतोय” म्हणू नका, नाव सांगा, नंबर पुसून टाकलेला असू शकतो.